डावखुरं लष्कर

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी डब्यातला लाडूसुद्धा लपवू शकत नाही. गेल्या रविवारी पहिल्यांदा तोंड उघडलं, ते जिचा मी गुन्हेगार आहे तिच्यापुढे. तुम्ही दुसरे.

रोह्यात मला लोक नुसतं ‘सर’ म्हणतात. तीस वर्षं इतिहास शिकवला. दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या हॉलमध्ये किल्ल्यांचं आणि मातीच्या मावळ्यांचं प्रदर्शन भरतं, त्यात ऐतिहासिक अचूकतेचे गुण मी देतो. पागोट्याचा पीळ चुकला, दोन गुण गेले. ढाल चुकली, तीन. पोरं मला बघून आपापल्या मावळ्यांपुढे आडवी उभी राहायची. खोटं कशाला बोलू — मला ते आवडायचं.

यंदा समितीने सांगितलं, सर, स्मरणिकेत लिहा, अचूकता कशी तपासावी. बसलो लिहायला. पहिली ओळ लिहिली — ‘परीक्षकाने आपल्या मनाशी प्रामाणिक असावे’ — आणि पेन खाली ठेवलं. कुठल्या तोंडाने लिहू?

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या साली मी स्वतःही शंभर मावळे केले होते. स्पर्धेत नव्हते, परीक्षकाचे म्हणून मधल्या टेबलावर मांडलेले. पुस्तकातलं चित्र समोर ठेवून मी प्लास्टरच्या लादीत साचा कोरला होता, शाडू दाबून एकेक मावळा काढला होता. बोटाएवढे, पण बघत राहावं असे. निदान मी तरी बघत राहिलो होतो.

सकाळीच पेणहून मंदाताई आल्या. तिथल्या गणपतीच्या कारखान्यात काम करणाऱ्या. खोक्यात भाताचा पेंढा आणि पेंढ्यात बारा मावळे. फॉर्म भरताना म्हणाल्या, कारखान्यात इतक्या मूर्ती हातून जातात, पण खाली नाव मालकाचं. इथं पहिल्यांदाच आपलं नाव लागेल. प्रत्येक मावळ्याच्या बैठकीखाली त्यांनी काडीने कोरलं होतं — मंदा.

मग त्या माझ्या टेबलापाशी आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. सगळे चहाला गेल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “सर, राग नका मानू. तुमचं सगळं लष्कर डावखुरं हाय.”

मी बघितलं. तलवार प्रत्येकाच्या उजव्या कमरेला. भाला प्रत्येकाच्या डाव्या हातात. चित्र जसंच्या तसं साच्यात कोरलं की बाहेर उलटं पडतं — साच्यावर जन्म काढलेल्या बाईला ते लांबूनच दिसलं. एखादा माणूस डावखुरा असतो हो. शंभरच्या शंभर?

आता तुम्हीच सांगा, किती समजूतदारपणे सांगितलं होतं तिने. चारचौघांत नाही, हसून नाही. कुणी बघायच्या आत मी ते टेबल चादरीने झाकू शकलो असतो. आभार मानायला हवे होते. मी म्हणालो, “बरं, बघू.” आणि माझे कान तापले ते संध्याकाळपर्यंत तापलेलेच.

तिचे मावळे कसे होते, सांगू? जिवंत होते. एक दगडावर टेकून पायातला काटा काढत होता. आणि प्रत्येकाच्या कमरेला मागे आकडी होती — आपल्याकडे शेतकरी कोयता अडकवायला बांधतात ती, लाकडाची. मी विचारलं, हे काय? तर म्हणाल्या, “रानातनं वाट काढायची तर कोयता नको का?” दुसऱ्या परीक्षक चित्रकलेच्या बाई होत्या; त्यांनी या मावळ्यांना सर्वांत जास्त गुण दिले होते. माझा रकाना भरला की पहिला नंबर तिचाच.

माझ्या रकान्यात मी शून्य लिहिलं.

एवढ्यावर थांबलो असतो, तरी — नाही, तरीही वाईटच. पण मी माईक घेतला. सगळ्यांसमोर सांगितलं की एका जुन्या बखरीत पायदळाच्या पेहरावाची सगळी यादी आहे आणि तीत आकडी नाही. हे सैनिक नव्हेत, हे शेतमजूर आहेत. उचलली जीभ लावली टाळ्याला. अशी बखर मी वाचली होती? कुठली बखर आणि कुठलं काय. माईक हातात येईपर्यंत ती मलाही माहीत नव्हती. आणि पावसात नांगर धरणारा हातच दसऱ्यानंतर तलवार धरायचा, हे मीच दरवर्षी वर्गात घसा फोडून सांगत होतो. मग शेतकरी आणि सैनिक वेगळे कधी झाले? त्या संध्याकाळी झाले. मी केले.

लोक हसले, ‘शेतमजूर’ शब्दाला. मंदाताईंनी बारा मावळे एकेक करून पेंढ्यात ठेवले, खोकं सुतळीने बांधलं आणि स्टॅंडकडे गेल्या. माझ्या टेबलाकडे बोट करून एक शब्द बोलल्या असत्या तर माझी शोभा झाली असती. बोलल्या नाहीत.

आणि याहून लाजिरवाणं पुढे आहे. त्याच आठवड्यात मी साचा पुन्हा कोरला — उलटा. पुढच्या वर्षी सगळ्या तलवारी डाव्या कमरेला. लोक म्हणाले, काय सरांची नजर. मी म्हणालो, “अभ्यास लागतो.”

मंदाताई परत कधी आल्या नाहीत.

तर गेल्या रविवारी एसटीने पेणला गेलो. वडखळला गाडी अर्धा तास अडकली, तेवढ्यात दोनदा वाटलं उतरावं आणि परतीची गाडी धरावी. घर विचारत विचारत पोचलो. गल्लीतल्या पोरांचे किल्ले अर्धे झाले होते, आणि बघतो तर प्रत्येक किल्ल्यावर आकडीवाले मावळे. बारा वर्षं मंदाताई ते करतच होत्या. माझा निकाल त्या गल्लीत कुणी ऐकलाच नव्हता. इतकं हलकं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं, आणि इतकं लहानही.

अंगणात फळीवर ओले मावळे वाळत होते. मी एक उचलून उलटा केला. खाली नाव नव्हतं. तिथेच पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं — बखर, शून्य, साचा, ‘अभ्यास लागतो’, सगळं. मंदाताई माती मळत ऐकत होत्या. केस पिकलेत आता.

“बखर नव्हती ते मला तवाच कळलं व्हतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही माज्याकडं बघत नव्हता.”

मी माफी मागितली नाही. मागितली असती तर त्यांना काहीतरी द्यावं लागलं असतं. शेवटी त्यांनीच विचारलं, “तलवारी कुठं हायत आता तुमच्या?”

“डाव्या कमरेला.”

“मंग आयकलंत की माजं.” आणि त्या हसल्या — हसणं कसलं, नाकातून वारा सोडला नुसता. “औंदा परीक्षक कोण?”

“मी नाही.”

त्यांनी फळीवरचा एक ओला मावळा उचलला, हात पदराला पुसला आणि आगपेटीतली काडी घेतली. बैठकीखाली तीन अक्षरं कोरायला त्यांना फार वेळ लागला नाही. नेहमी दोनच असायची. मी वाकून वाचलं — मंदाई. गल्लीतली पोरं त्यांना तशीच हाक मारतात म्हणे.

यंदा मधल्या टेबलावर माझे जुने, उजव्या कमरेला तलवार असलेले मावळे असतील. माळ्यावरच्या पेटीत होते, सत्तर शिल्लक आहेत. शेजारी त्यांचे बारा. ते त्या स्वतः घेऊन येणार आहेत.

समितीने मागितलेला लेख मी लिहिला नाही. त्याऐवजी हे दिलं आहे, आणि शेवटची ओळ ठळक छापा म्हणून सांगितलं आहे. बारा वर्षांपूर्वीचा निकाल चुकीचा होता. त्या साली पहिला नंबर पेणच्या मंदाताईंचा होता.