जानेवारीतल्या माशा

भूत-बित म्हणणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आलेय. नवरा एअर फोर्समध्ये, त्यामुळे बदलीच्या गावोगावी कसलं ना कसलं जुनाट क्वार्टर वाट्याला यायचं आणि शेजारणी हमखास सांगायच्या की इथे पांढऱ्या साडीतली बाई फिरते. मला तिथे बुरशी दिसली, झुरळं दिसली, तुंबलेली मोरी दिसली. बाई काही दिसली नाही. म्हणून हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय, पण लिहिल्याशिवाय चैन पडेना...

आम्ही मूळचे सांगलीचे. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, रिटायर झाल्यावर आम्ही चंदीगडलाच राहिलो — सेक्टर ४४, पहिला मजला. मागच्या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट. मिलिंद आणि त्याचा नोकरीतला जुना दोस्त गुरमीत, दोघांच्या डोक्यात नामिबियाच्या वाळवंटाने घर केलं होतं. स्वतः गाडी चालवत फिरायचं. बरोबर मी आणि गुरमीतची बायको हरप्रीत. भाड्याची दणकट फोर बाय फोर गाडी, टपावर झोपायचे तंबू, खडीचे रस्ते, आणि दोन पेट्रोल पंपांच्या मध्ये नुसता शुकशुकाट. दर रविवारी दुपारी आमच्या डायनिंग टेबलावर नकाशा पसरून मिलिंदचं 'ब्रीफिंग' चालायचं. हातात पट्टी घेऊन! नोकरी संपली, सवय थोडीच संपते?

बजेट हाताबाहेर गेलं होतं, हे मान्य. मग साहेबांनी कात्री काढली. आणि चालवली कुठे? तर पाण्यावर! पाण्याचे मोठे कॅन, सॅटेलाइट फोन आणि दुसरं जादा चाक, या तिन्हींचे पैसे गाडीवाला वेगळे लावत होता.

"पानी हर पंप पे मिलता है यार," मिलिंद गुरमीतला म्हणाला. "चार बोतल ले लेंगे, बस."

"आणि व्हिस्की?" मी विचारलं.

"ती धरलीये. ड्यूटी फ्रीची आहे."

शाब्बास! व्हिस्कीला बजेट आहे, पाण्याला नाही. मी चडफडत गाजर हलवा वाढत होते. तेवढ्यात मिलिंदच्या ओठाच्या कोपऱ्यावर एक माशी येऊन बसली. मोठी, हिरवट, चकचकीत... मेलेल्या जनावरावर घोंगावतात ना, तसली.

आता तुम्हीच सांगा — चंदीगडचा जानेवारी. बाहेर धुकं, आत हीटर, सगळ्या खिडक्या गच्च बंद. माशा बघायच्या तर पावसाळ्यात सेक्टर ४३च्या बसअड्ड्यावर बघाव्यात. माझ्या घरात? मी फिनेल टाकल्याशिवाय फरशी पुसत नाही! मी "अरे, हाकल ना ती" म्हणेपर्यंत दुसरी आली, तिसरी आली, आणि बघता बघता त्याचा खालचा ओठ दिसेनासा झाला. नुसत्या वळवळत होत्या. आणि हा आपला बोलतोय, हलवा खातोय. चमच्याबरोबर एक तोंडात गेली आणि पाय चोळत बाहेर आली. शी! पण तो हाकलतच नव्हता.

"क्या हुआ, भाभीजी?" हरप्रीतने विचारलं.

"वो... मक्खियाँ..."

"मक्खी? इस ठंड में?" ती हसायलाच लागली. गुरमीतही हसला.

कुणालाच दिसत नव्हत्या! मी बेसिनकडे धावले आणि भडाभडा ओकले. परत आले तर नकाशा गुंडाळून झाला होता आणि मिलिंदचं तोंड स्वच्छ.

पित्त असेल म्हटलं. डोळे तपासले, शुगर तपासली, सगळं नॉर्मल. लेकीला फोन केला तर म्हणे, "मम्मा, स्ट्रेस है, और कुछ नहीं." तिचं सगळं हिंदीतच.

पुढच्या रविवारी परत तेच. या वेळी मी जीव मुठीत धरून बघत बसले. रस्ते, मुक्काम, विमानाची तिकिटं यांवर बोलणं चाललं तोवर काही नाही. "तर मग कॅन, फोन, चाक कॅन्सल," असं तो म्हणाला आणि आल्या! किळस तर होतीच, पण तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. जिवंत माणूस ओठावर एक माशी बसू देत नाही. ज्याचा हात उठत नाही त्याच्याच तोंडावर त्या अशा बसतात. माझ्या नवऱ्याचं मेलेलं तोंड मी बघत होते.

हे त्याला सांगून काय उपयोग? हसला असता. मी टेबलावर हात आपटला.

"कॅन, फोन, चाक, तिन्ही घ्यायची. नाहीतर ना मी येणार, ना तुला जाऊ देणार."

"अगं, पण बजेट..."

"खड्ड्यात गेलं तुझं बजेट! माझ्या भिशीचे पैसे घे."

त्याच्या नाकपुडीपाशी एक चढत होती, मी दातओठ खाऊन उभी. शेवटी तो म्हणाला, "बरं बाई, घेतो." आणि त्या सगळ्या एकदम उडाल्या. खिडकीकडे नाही, दाराकडे नाही. नाहीशाच झाल्या.

मला वाटलं, सुटलो.

मे महिन्यात आम्ही गेलो. एका दुपारी, कितीतरी वेळ एकही गाडी न दिसलेल्या रस्त्यावर, एक पांढरी गाडी कडेला कलंडलेली दिसली. दोन टायर फुटलेले. तिच्या सावलीत चाकाला टेकून एक म्हातारा गोरा बसलेला, एकटाच. मोबाइलला रेंज नाही. मी जवळ गेले आणि थबकले. त्याच्या ओठांवर माशा होत्या. हिरवट, चकचकीत, दाटीवाटीने. त्याचा हात उठत नव्हता.

मिलिंद कॅन घेऊन धावला, माझ्या भिशीतला कॅन. रुमाल भिजवून थेंब थेंब पाणी त्याच्या तोंडात पिळलं, तशा त्या उठल्या. गुरमीत सॅटेलाइट फोनवर मदत मागत होता. आणि मी? दया यायला हवी होती, पण मला आधी किळसच आली. गाडीमागे जाऊन परत ओकले. हरप्रीत पाठ चोळत होती. चोळता चोळता तिचा हात थांबला.

"भाभीजी... वो जनवरी वाली... यही थीं?"

"यही," मी म्हणाले.

माणूस वाचला. अँब्युलन्स यायला संध्याकाळ झाली. त्याचं सामान काढून देताना सीटखाली पाण्याच्या रिकाम्या बाटल्या सापडल्या. चार.

त्या रात्री मी मिलिंदला सगळं सांगितलं. तो हसला नाही. नुसता बाहीने तोंड पुसत राहिला.

त्या माशा कुणाच्या होत्या — त्या म्हाताऱ्याच्या, की आमच्या? त्याच्याच असतील, तर माझ्या नवऱ्याच्या तोंडावर कशाला बसल्या? आणि बाकीच्यांना का नाही दिसल्या? मला यातलं काहीच कळलेलं नाही. योगायोग म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही. मीही तेच म्हटलं असतं.

गाजर हलवा मात्र आमच्या घरात तेव्हापासून होत नाही. आता ओमानचं घाटतंय. रविवारी परत टेबलावर नकाशा असतो, मिलिंदच्या हातात पट्टी असते. तो आकडे सांगायला लागला की हरप्रीत नकाशाकडे बघत नाही, माझ्याकडे बघते. आणि मी मिलिंदच्या तोंडाकडे.