मशीनखाली निजणारी गुंजन

नंदनवन वस्तीत पिको-फॉल म्हटलं की बायका गोपिकाकडे यायच्या. लेक गुंजन झाली आणि काही महिन्यांतच गोपिकाने पायमशीनवर चादर टाकली. दसऱ्याला हळदकुंकू वाहण्यापुरती ती बाजूला व्हायची, तेवढीच.

कारण सासूबाई, तुळसाबाई, एकदा बोलल्या होत्या. पोर मान धरेना, डोळे भिरभिरायचे, श्वास घडीत धापा टाकल्यासारखा, घडीत थांबल्यासारखा. तेव्हा म्हणाल्या, "ग्रहणात सुई धरू नको म्हटलं होतं मी तुले. ऐकलं काय?"

ऐकलं नव्हतं. लग्नाचे ब्लाउज अडले होते. तुळसाबाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही. गोपिकाच्या मनात मात्र तो रोज निघायचा. देवापुढे दिवा लावायची, पण मागायची काहीच नाही. कोणत्या तोंडाने मागणार?

गुंजन तीन वर्षांची झाली तरी धरल्याशिवाय बसेना, तेव्हा मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी एमआरआय सांगितला. "पण हिचा श्वास असा, म्हणून भूल देणं शक्यतो टाळू. निजलेल्या पोरीचं जमतंय का बघा. अर्धा तास हलायचं नाही."

"मॅडम, हे अर्धा मिनिट राहत नाही एका जागी," गोपिकाचा नवरा रजत म्हणाला.

एमआरआयच्या खोलीत काम करणाऱ्या दीपमालाने गोपिकाला आतला आवाज मोबाइलवर ऐकवला. खडखड, खडखड, मग सामसूम, मग पुन्हा खडखड.

"हे तं माझ्या मशीनवानी वाजते वं," गोपिका म्हणाली.

घरी येऊन तिने चादर काढली आणि मशीनला तेल दिलं. खाली गोधडी अंथरून गुंजनला निजवलं, डोक्याला दोन्हीकडून उशांचा टेकू दिला आणि चेहऱ्यावर भाजीची जाळीदार टोपली उपडी ठेवली. तिथेही डोक्यावर पिंजरा असतो, असं दीपमाला म्हणाली होती.

"पोरगी आहे का कोंबडीचं पिल्लू?" रजत हसला.

"कोंबडी तरी गुमान बसते टोपलीखाली. तुम्हीच बोलून राहिले."

तुळसाबाई दारातून बघायच्या.

रोज दुपारी मशीन चालू लागली, रिकामी, सुईशिवाय. गुंजन टोपली ढकलायची, रडायची. मग हळूहळू निजायला लागली. गंमत अशी, की खडखडाटात निजायची आणि मशीन थांबली की डोळे उघडायची. मग मशीन थांबली की गोपिका तिच्या तळपायावर मशीनच्या पायडलच्या ठेक्यात थापटायची. पोर पुन्हा निवांत.

एमआरआयच्या दिवशी गोपिकाने मंगळसूत्र, जोडवी उतरवली. गुंजनच्या गळ्यातला ताईत तुळसाबाईंनी स्वतः सोडून घेतला. गोपिकाला आत बसू दिलं. खडखड सुरू झाली, गुंजन निजलेली. गोपिकाने हात जोडले, डोळे मिटले आणि नामस्मरण सुरू केलं. त्यातच आवाज थांबला. सामसूम झाली तशी गुंजनने मान वळवली.

"ताई, फोटो हलला," दीपमाला आत येऊन म्हणाली. "अजून एकदा करू. नाहीच जमलं तर भुलीचं विचारावं लागेल."

गोपिकाने या वेळी हात जोडले नाहीत. नाव ओठांत ठेवलं, डोळे उघडे ठेवले आणि लेकीचा तळपाय हातात धरला. आवाज थांबला की थाप, सुरू झाला की हात स्थिर. गुंजन शेवटपर्यंत हलली नाही.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर मेंदूचा आडवा छेद दाखवला. "हा मधला आकार बघा. दाढेसारखा दिसतो ना? तो असा नसतो. मला ज्युबेर सिंड्रोमची शंका आहे."

रक्ताच्या तपासणीने ती खरी ठरली. आजार दुर्मिळ, औषधाने जाणारा नाही; पण आता व्यायाम कुठला द्यायचा ते कळलं, आणि मूत्रपिंडं व डोळे वेळोवेळी तपासायचे हेही.

रजत आणि तुळसाबाई शेजारीच बसले होते. गोपिकाने एकच विचारलं. "मी ग्रहणात शिवलं होतं. त्यानं झालं काय?"

"नाही. एक बिघडलेला जनुक तुमच्याकडून आला, एक यांच्याकडून. तुम्हा दोघांना त्याचा त्रास नाही. दोन्ही एकत्र आले, म्हणून हिला झाला."

"म्हणजे आमच्या घराण्यातूनबी?" तुळसाबाईंनी विचारलं.

"दोन्हीकडून, आजी."

सगळे घरी आले. संध्याकाळी गोपिकाने दिवा लावला आणि पहिल्यांदा लेकीच्या पायात बळ मागितलं. उठून बघते तर एमआरआयनंतर पुन्हा टाकलेली चादर मशीनवर नव्हती. तिथे तुळसाबाईंचा ब्लाउजचा खण ठेवलेला.

"बाही ढिली ठेवजो," त्या आतून म्हणाल्या. "मागच्या शिंप्यानं आवळून टाकली होती."

"घाई आहे काय, आई?"

"नाही. पोरगी निजते तवा शिवत जा."

गोपिकाने डबीतून सुई काढली आणि मशीनला लावली.