इंदुताईंची पंगत आणि संशयाचं वर्ष

इंदुताईंची आणि माझी ओळख वरणावरून झाली. पनवेलच्या जकात नाक्यावर मी नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. एस.टी. स्टँडमागची त्यांची खाणावळ कुणीतरी दाखवली आणि पहिल्याच दिवशी मी वाटी तिरकी करून डाळ किती, पाणी किती ते बघू लागलो. ताई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, ट्रक नाक्यावर तपासा. इथं जेवा."

संशय घेण्याचाच मला पगार मिळतो, त्यामुळे ही खोड काही गेली नाही. मला कावीळ झाली तेव्हा ताई रोज खोलीवर मऊ भाताचा डबा पाठवत. यामागे काय हेतू, असं मी तोंडावर विचारलं. "गिऱ्हाईक जगलं पाहिजे, हाच हेतू," त्या म्हणाल्या. त्यांचे यजमान ट्रकवर ड्रायव्हर होते. ते बराच काळ अंथरुणाला खिळून वारले, त्यानंतरही ताईंनी चूल फार दिवस थंड ठेवली नाही. आमच्यासारख्या बिऱ्हाड नसलेल्यांचं काय होईल, याचीच त्यांना काळजी.

मग ते एड्सचं वर्ष आलं. साथ जगभर होती म्हणतात, पण आमच्या डोक्यात ती त्या वर्षी शिरली. माणसं न्हाव्याकडे स्वतःचं ब्लेड घेऊन जाऊ लागली. मीही नेत होतो. कुणी दोन किलो उतरला, की लोक एकमेकांना नजरेनं खुणवायचे. अशात खाणावळीत कुजबूज सुरू झाली, की आपल्यातल्याच कुणाचा तरी रिपोर्ट मुंबईहून वाईट आला आहे. डॉक्टर सांगून थकले की हा रोग जेवणातून पसरत नाही, तरी जो तो घरून पेला आणू लागला आणि ताट दोनदा धुऊन घेऊ लागला.

सगळ्यांचं बोट उरणच्या दामूकडे होतं. तो कंटेनरवर क्लीनर, हडकलेला आणि सतत खोकणारा. पनवेलला गाडी लागली की त्याचं जेवण ताईंकडेच, दुसरीकडे त्याला कुणी उभं करत नव्हतं. एका दुपारी भरल्या पंगतीत खांदा कॉलनीचे एक गृहस्थ उठून म्हणाले, "ताई, रिपोर्ट कुणाचा ते तुम्हाला माहीत आहे. आज नाव सांगा, नाहीतर उद्यापासून आम्ही येणार नाही."

दामू हात धुवायला उठला. ताईंनी पोळपाट बाजूला सारला.

"दामू, खाली बस. रिपोर्ट माझा आहे."

मी जेवत राहिलो. याचं श्रेय कुणी मला देऊ नये, ताई धडधडीत खोटं बोलत आहेत अशी माझी खात्री होती. दामू तर रडकुंडीला आला. "ताई, तुमी असं का बोलता? मला खोकल्याची गोळी चालू हाय, टीबीची. तो रोग मला नाय. पन मी जातो ना. माज्यापायी तुमचा धंदा नाय बुडला पायजे."

"भात निवतोय," एवढंच ताई म्हणाल्या.

आठवड्याभरात अर्धी खाणावळ रिकामी झाली. तेव्हा मी कंबर कसली. भेटेल त्याला सांगू लागलो, की ताईंनी दामूला वाचवायला थाप मारली, असली बाई शोधून सापडणार नाही. लोकांना ते लगेच पटलं. हळूहळू सगळे परत आले, खांदा कॉलनीचे गृहस्थसुद्धा. दामूही पुढे खडखडीत बरा झाला.

ताईंच्या साठीनिमित्त आम्ही जेवणाऱ्यांनी ही स्मरणिका काढायचं ठरवलं, तेव्हा अर्थातच हीच हकिकत लिहून मी त्यांना वाचून दाखवली. थापेचं कौतुक अगदी रंगवून केलं होतं. ताईंनी भाजी चिरता चिरता ऐकलं आणि म्हणाल्या, "चांगलं लिहिलंय. पण ते खोटं नव्हतं हो. ह्यांच्या पाठोपाठ माझा रिपोर्ट आला होता. मी खरं सांगितलं आणि तुम्ही सगळ्यांनी मला खोटारडी ठरवून मोठी केलीत."

मी आयुष्यात प्रथमच पुरावा मागितला नाही. मला रडू आलं. हे छापू नका, लोक पुन्हा जातील, असं मी विनवलं. त्या म्हणाल्या, "सत्कार माझा आहे ना? मग माझाच होऊ दे. छापा."

म्हणून छापत आहे. ताई अजून पहाटे उठतात, आजही पोळ्या त्याच लाटतात. या रोगावर औषध निघो, ते पनवेलपर्यंत येवो आणि ते घ्यायला ताई आमच्यात धडधाकट असोत, एवढंच मागणं आहे. सत्काराच्या दिवशी दुपारी पंगत आहे. स्वयंपाक ताई स्वतः करणार आहेत. मी जेवायला बसणार आहे, आणि तुमच्यापैकी कोण कोण येतं, तेही बघणार आहे.