भागीरथेच्या आवाजाची राखण

नाचणगावात कोणी खाटेला लागलं की तानाबाईला निरोप जायचा. तिळाच्या तेलाची वाटी, कमरेला खोचलेला पदर आणि अखंड चालणारं तोंड, एवढ्या भांडवलावर तिनं किती तरी माणसं पुन्हा अंगणात आणून उभी केली होती. चोळताना हाताखालचा पाय आपल्याशी बोलतो, असं ती म्हणायची.

लक्ष्मणरावांचे पाय मात्र मुके होते. पेरणीच्या दिवसांत ते घसरून पडले, हाड सांधलं, पण खाट सुटली नाही. खाटेशेजारी रेडिओ होता ना! मुलगा प्रभाकर पुलगावच्या गिरणीत. त्यानं बापाला करमावं म्हणून तो आणला, एरियलची तार थेट कडुनिंबाला नेऊन बांधली. तेव्हापासून लक्ष्मणराव काचेच्या पट्टीवरच्या काट्याकडे बघत पडून. बातम्या, भजनं, कापसाचे भाव, काहीही. मधल्या वेळी नुसती खरखर उरायची, तीही बंद करू द्यायचे नाहीत. तानाबाई गावच्या गोष्टी सांगू लागली की ओठांवर बोट.

"खरखर काय ऐकून राह्यले, भाऊ?" तिनं एकदा विचारलंच.

"कपाशीत वारा शिरला तं असाच वाजते." लक्ष्मणराव डोळे मिटून म्हणाले. मग हळूच, "भागीरथा गाते यात."

भागीरथा त्यांची बायको. जाऊन तिला दोन वर्षं झाली होती. एका दुपारी रेडिओवर कुठल्याशा गावच्या बाया गायल्या, आणि त्यातल्या एकीचा गळा भागीरथेचा होता. कापूस वेचताना ती ओळीचं टोक जसं अलगद उचलायची, अगदी तसंच. "आता मी उठलो, अन् ते गाऊन गेली तं?"

तानाबाई हसली नाही. तिच्या स्वतःच्या गेलेल्या नवऱ्याचा खाकरा अजून सांजेला गोठ्याकडून यायचा. पण लक्ष्मणरावांच्या पोटऱ्या आटत चालल्या होत्या. ही थंडी खाटेवर गेली तर हे पाय पुन्हा भुईला टेकायचे नाहीत, हे तिच्या बोटांना कळत होतं.

"मी ते तारच तोडून टाकतो, मावशी," सून नलू चुलीपाशी कुजबुजली.

"नको वं बाई. तारेसंगं बुढाही तुटन."

दिवाळी सरली. वावरं पांढरी फुटली. पहिल्या वेचणीआधी सीतादही करायचं होतं: वावराच्या बांधाला, धुऱ्याजवळ, कपाशीच्या भरल्या झाडाखाली दहीभात ठेवायचा आणि दह्यासारखा पांढरा कापूस मागायचा. त्याला हात घरच्या जाणत्या माणसाचा लागतो. भागीरथा होती तोवर तो तिचा होता. ती गेल्यावर दहीभात लक्ष्मणरावांनी ठेवला. यंदा वेचणाऱ्या बाया खोळंबल्या होत्या.

"नलू ठेवन," लक्ष्मणराव म्हणाले.

"नलूले का समजते? भागीरथाबाईच्या हातचं वावर हाये ते." तानाबाईनं तेलाची वाटी बाजूला सारली आणि पदर सावरून रेडिओसमोर मांडी घातली. "तुमी जा. तुमच्या जागी राखण मी करतो. गायली तं एकूणएक ओळ ध्यानात ठेवतो, आल्यावर म्हणून दाखवतो."

"तुले तं गाता येत नाई."

"मंग लवकर येजा!"

किती तरी महिन्यांनी लक्ष्मणरावांना हसू फुटलं. नलूनं आणि गड्यानं धरून त्यांना बंडीत बसवलं. बैलांच्या घुंगरांचा आवाज लांब लांब गेला, आणि ओसरीवर तानाबाई एकटी उरली.

रेडिओत कोणी तरी बियाण्यावर बोललं. सतार वाजली. मग ती खरखर. दुपारचं ऊन भिंतीवरून उतरत होतं. तानाबाईची मान डुलू लागली. खरखरीत पांढरं वावर हललं, लांबवर कोणी चालत आलं, आणि तिच्या कानाशी, अगदी जवळ, एक ओळखीचा खाकरा आला. तिनं श्वास रोखला.

"मावशी, आलो वं!" दारातून नलूचा आवाज.

तानाबाईनं ओठांवर बोट ठेवलं.

नलूच्या खांद्याला धरून लक्ष्मणराव दारात उभे. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले, कुडत्याला कापसाचे पुंजके चिकटलेले. "धुऱ्यापासून झाडापर्यंत मामाजी आपल्या पायानं गेले," नलू सांगत होती.

"गायली नाई, भाऊ," तानाबाई भानावर येत म्हणाली.

"इथं कुठून गाते? ते तं वावरात होती." ते खाटेवर टेकले. "वारा सुटलता. मी उगाच इथं वाट पाहून राह्यलो. उद्याही बंडी जुंपजो म्हणा. अन् ते बंद कर, नलू, माहे पाय लय ठणकून राह्यले."

नलूनं हात पुढे केला.

"थांब वं, जराशी..." तानाबाई बोलून गेली, आणि स्वतःशीच लाजली. "कर, कर बंद."

खट्ट झालं. घरात एकदम कडुनिंबाची सळसळ ऐकू येऊ लागली. तानाबाईनं वाटी ओढली, तेल तळहातावर घेतलं आणि धुळीसकट पोटरीवर हात ठेवला. पोटरी दुखून उडाली.

"बोलला पाय," ती म्हणाली.