डमीच्या दंडावरची भोकं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — कोण जाणे.

आधी हे ऐका, की मी भयंकर चौकस बाई. नगरच्या एका खासगी हॉस्पिटलात इन्चार्ज सिस्टर आहे. पेशंटच्या डब्यात भाजी कुठली, इथपासून नव्या डॉक्टरांचं लग्न का मोडलं, इथपर्यंत मला सगळं ठाऊक असतं. माझ्या वॉर्डातली वैशाली मला 'चौकशी खिडकी' म्हणायची.

वैशाली पाथर्डीकडची. आईबाप दरसाल श्रीगोंद्याकडं ऊसतोडीला जायचे, ही मामाकडं राहून बी.एस्सी. नर्सिंग झाली. हात इतका हलका की सुई टोचली तरी लेकरं रडायची नाहीत. तिला एम.एस्सी. करायची होती. एका विद्यापीठाच्या नर्सिंग कॉलेजचं नाव कानावर आलं होतं, पण तिथं खरंच शिकवतात की सगळं कागदावर? पुढं नोकरीचं काय? "ताई, तुमीच बघून या," म्हणाली. "तुमाला कोण फसवतंय!" मी जावं म्हणून माझी शनिवारची ड्युटीसुद्धा तिनंच केली.

गेले. आणि काय सांगू, मजा आली हो मला! लायब्ररीचं रजिस्टर चाळलं — मुली खरंच पुस्तकं नेत होत्या. तिथल्या हॉस्पिटलात मावशींना गाठलं, शिकाऊ मुली वॉर्डात फिरकतात का? "येत्यात की," मावशी म्हणाल्या, "पेशंटला इचारून इचारून बेजार करत्यात." पास झालेल्या दोघींना फोन लावले. एक कॉलेजात शिकवत होती, दुसरी मोठ्या हॉस्पिटलात वरच्या जागेवर. शेवटी स्किल लॅब. तिथं इंजेक्शनच्या सरावाला रबरी डमी असतो. माझी परीक्षा साधी — त्याचा दंड बघायचा. कागदावरच्या कॉलेजात तो नवाकोरा असतो, कधी तर पिशवीतून काढलेलाही नसतो. इथला दंड सुयांनी पार चाळण झालेला. मी त्यावरून बोट फिरवलं. वैशालीचं काम झालं म्हणून आनंद झाला मला — खरंच झाला.

मग परतीच्या एस.टी.त काय झालं? आख्ख्या गावाची चौकशी करणारी मी, हे मात्र मला अजून नीट उलगडत नाही. खिडकीशी बसले होते आणि मनात आलं — एम.एस्सी. होऊन ही परत आली, तर उद्या मेट्रन होणार. मी साधी जीएनएम, डिप्लोमावाली. रजेचा अर्ज घेऊन मी हिच्यापुढं उभी राहू? की ती वॉर्ड सोडून जाईल, याचं वाईट वाटलं? छे — ते मी नंतर शोधलेलं गोड कारण. जळले मी. दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी ती धावतच आली. "कसंय, ताई?"

"नको गं," मी म्हटलं. "डमी अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे."

बस, एवढंच. तिनं पुढं काही विचारलंच नाही. एखादा प्रश्न विचारला असता, तर मी बोलले असते का? तिनं भरून ठेवलेला फॉर्म कपाटात टाकला आणि मलाच चहा पाजला. "बरं झालं तुमी गेलात, माझी दोन वर्षं वाचली," म्हणाली. तो चहा मी प्याले.

याला सात वर्षं झाली. वैशाली अजून माझ्या हाताखालीच आहे. शिकायचा विषय निघाला की "आता कुठं, ताई," म्हणून हसते.

परवा एक नवीन सिस्टर, पुणतांब्याची पोरगी, त्याच कॉलेजचं विचारत होती. मी औषधांच्या ट्रॉलीपाशी होते. वैशाली तिला म्हणाली, "तिकडं जाऊ नको बाई. ताई सोता बघून आल्यात. डमी पिशवीत हाय तिथं."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली — हो म्हणून.