फ्रीजवरच्या कॅप्सूल

हे आईला सांगितलं नाही, बायकोला नाही, डॉक्टरांनाही नाही. तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून धीर होतोय का? असेल.

पेणला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. एक मोबाइल उघडायचा, तो अर्धवट टाकून दुसरा उघडायचा, स्क्रू तिसऱ्यात लावायचे – अशी माझी तऱ्हा. गिऱ्हाइकं शिव्या घालून जायची. शेवटी गुपचूप पनवेलच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, हा एडीएचडी, लक्ष एका जागी न टिकण्याचा आजार. मोठ्या माणसांनाही असतो. त्यांनी गोळी दिली. मी माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचं विचारलं, झिंकचं विचारलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं – हवं तर घ्या, पण गोळीच्या जागी नाही.

गोळीनं फरक पडला. उघडलेला मोबाइल मी त्याच दिवशी बंद करायला लागलो!

पण डोक्याची गोळी – हे घरी कसं सांगायचं? गोळ्या दुकानाच्या खणात, जुन्या बॅटऱ्यांखाली ठेवल्या. आणि कॅप्सूलच्या बाटल्या घरी फ्रीजवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा. बायको कौतुकानं सांगायची, "नुसत्या कॅप्सूलनी सुधारले हो!" मी हसायचो. एवढंच असतं तर… पण एवढंच नव्हतं.

माझी मावसबहीण वैशू. रोह्याला दिलेली, घरी ब्लाउज शिवते. तिलाही हेच. पण ती माझ्यापेक्षा धीट – डॉक्टरांकडे गेली आणि घरात उघड सांगून गोळ्या घ्यायला लागली. तिचंही बरं चाललं होतं. दिवाळीत आमच्याकडे आली, बाटल्या बघितल्या आणि मला मागच्या पडवीत बोलावलं.

"दादा, खरं सांग, फक्त ह्यांच्यावर बरा झालास? सासूबाई रोज बोलतात, वेडाच्या गोळ्या खाते म्हणून. मी बंद करू माझ्या?"

पडवीत दुसरं कोणी नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं – मीपण गोळ्या घेतो गो.

मी म्हटलं, "व्हय. काय गरज नाय त्या गोळ्यांची." वर एक बाटली तिच्या पिशवीत टाकली.

कसं निघालं ते तोंडातून? आजही मला धक्का बसतो तो याचाच – किती सहज निघालं!

पुढच्या उन्हाळ्यात फोन आला तेव्हा मी वडखळला चहा पीत होतो. वैशूनं गॅसवर दूध ठेवलं होतं, मनू झोपली होती – तिची अडीच वर्षांची मुलगी. वैशू बाहेरून कडी लावून शेजारी ब्लाउज द्यायला गेली. तिथून दोरा आणायला बाजारात. तिथून आणखी कुठे. दूध आटलं, पातेलं जळलं, खिडकीचा पडदा पेटला. धूर बघून शेजाऱ्यांनी कडी काढली.

मनू वाचली. पण डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. दवाखान्यात ते पोर रडतही नव्हतं, नुसतं टक लावून बघत होतं.  

वैशूचा नवरा सगळ्यांसमोर ओरडत होता. तिनं मान वर केली नाही. फक्त एवढंच म्हणाली, "माझंच डोकं नाय धड. दादा बघा, त्याच कॅप्सूलवर माणसात आला. मला तेपण जमलं नाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आदरानं.

तेव्हा तरी बोललो का? नाही. सकाळचीच गोळी पोटात होती. मन अगदी थाऱ्यावर होतं, सगळं स्वच्छ कळत होतं – आणि मी गप्प बसलो. विसरलो असं म्हणायची सोयसुद्धा मला नाही.

वैशूच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, डॉक्टरांनीच केल्या. शिलाई मशीन मात्र नवऱ्यानं विकली. तिला एकटीला घरात ठेवत नाहीत, मनूला तिच्याजवळ एकटी सोडत नाहीत.

मागच्या महिन्यात रोह्याला गेलो होतो. मनू आता शाळेत जाते. वेणी घालून घ्यायला ती आजीकडे धावली. वैशू हात पुढे करून उभी होती, तो तिनं मागे घेतला आणि मला म्हणाली, "बरोबर हाय रे दादा. माझा काय भरवसा?"

मी जेवलो, तिच्या हातचं. वरण पुन्हा मागून घेतलं. मग पेणला परत आलो.