मैनेचा पहिला चीक

"इंग्लिश शाळेतली हाय ना, आपल्यासंगं बोलायला हलकं वाटत असंल तिला."

शेजारच्या काकू गोठ्याच्या दाराशी उभ्या राहून म्हणाल्या. मी भिंतीच्या अलीकडेच होते, हातात गरम पाण्याची बादली घेऊन, हे त्यांना ठाऊक नव्हतं. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, मैना गाईच्या कासेशी बसल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "हलकं न्हाय वो, तिला जमतच न्हाय. लगीन होऊन सहा महिनं झालं, 'हो आई' आन् 'नको आई', एवढंच ऐकतीया मी. रेडिओला निदान बटण तरी असतंय!" काकू खळखळून हसल्या. मी बादली घेऊन आत गेले आणि नेहमीसारखी खाली मान घालून बादली ठेवली. बोलण्यात डंख नव्हता, हे मला कळत होतं. तरी ते लागलं. मला कुणाचंही बोलणं हलकं वाटत नव्हतं. मला भीती वाटायची, एवढंच.

मैना त्या दिवशी पहाटे व्याली होती. तिसरं वेत, कालवड झाली होती. मैना म्हणजे आईंची गाय, जास्त दुधाची, संकरित. तिची माय व्यायल्यावर चार दिवसांत गेली, तेव्हा आईंनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. गोठ्यात आणखी पाच गाई आहेत, पण आईंच्या पायांचा आवाज आला की हंबरते ती मैनाच. आमच्याकडे, कळसजवळच्या आमच्या वस्तीवर, गाय व्याली की पहिला चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध, बांधावरच्या म्हसोबाला जातो आणि उरलेल्या चिकाचा खरवस वस्तीवरच्या अकराही घरांत. एक घर जरी चुकलं तरी त्याचा रुसवा पुढच्या वेतापर्यंत टिकतो. म्हणून चीक शेवटच्या थेंबापर्यंत काढायचा. आईंच्या सासूनं तसाच काढला, आई तसाच काढत आल्या.

मला मात्र एक गोष्ट माहीत होती. दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे. मराठी मी सावकाश वाचते, त्यामुळे रांगेत उभं असताना तो मी अक्षर न् अक्षर वाचला होता. जास्त दुधाच्या संकरित गाईची व्यायल्यावर पहिले दोन-तीन दिवस पूर्ण धार काढू नये, अंगातलं कॅल्शियम एकदम उतरतं आणि गाय बसते, पुन्हा उठत नाही, असं त्यात लिहिलं होतं. दुसरी बादली भरत आली तेव्हा मी आईंच्या मागे उभी होते. तोंड उघडलं होतं. पण काकू दारातच होत्या. 'आता इंग्लिश शाळा आमाला धार काढायला शिकवणार!' हे वाक्य कुणी म्हणायच्या आधीच मला ऐकू आलं. मी मनात म्हटलं, देव बघून घेईल. आणि तोंड मिटलं.

खरं सांगायचं तर त्या देवावर माझा फारसा विश्वासही नव्हता. बारामतीच्या आमच्या घरी देव म्हणजे हॉलमधला एक देव्हारा, त्याला परीक्षेच्या दिवशी नमस्कार करायचा. इथला देव उन्हात, लिंबाखाली, शेंदूर फासलेला दगड. सहा महिन्यांत मी त्याच्यासमोर हात जोडले ते आई शेजारी उभ्या असायच्या म्हणून. 'देव बघून घेईल' हे वाक्य त्या दिवशी मी श्रद्धेनं म्हटलं नव्हतं. बोलायचं टाळायला ते फार सोयीचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैना बसली. सकाळपासून तिनं वैरणीला तोंड लावलं नव्हतं, शेण टाकलं नव्हतं, चालताना मागचे पाय लटपटत होते. मी हे सगळं बघत होते आणि कुणाला सांगत नव्हते. मग ती जी खाली बसली, ती उठेना. मान वळवून तिनं पोटाला टेकवली. मी तिच्या कानाला हात लावला. कान थंडगार होता.

माझे पती उसाची ट्रॉली घेऊन कारखान्यावर गेले होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ते ओसरीवरून डॉक्टरांना फोनवर ओरडून सांगत होते, "गाय पडलीया, लवकर या!" डॉक्टर म्हणाले, पुढे तीन ठिकाणी जायचंय, संध्याकाळपर्यंत पोचतो. आईंना वाटलं गाईला थंडी भरली. त्यांनी गोडेतेल आणि गुळाचं पाणी गरम करायला ठेवलं, बाटलीनं पाजायला. मला म्हणाल्या, "पोरी, जा, म्हसोबाला नारळ फोड. त्येला सांग, माझं काय चुकलं असंल तर मला शिक्षा कर, तिला नगं."

मी नारळ घेऊन बांधावर गेले. फोडायलाही नीट जमला नाही, तिसऱ्या वेळी फुटला. आईंचा निरोप मला त्याला सांगता येईना, कारण चूक कुणाची हे मला माहीत होतं. मी त्या दगडासमोर उकिडवी बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी शेजारी नसताना हात जोडले. मागावं असं काही सुचलं नाही. इतकंच म्हटलं, मला भीती वाटते, पण आता तू सांगशील ते करते.

उठून वळले तर बांधावरच्या पाण्याच्या पाइपाशी एक बाई घागर भरत होती. शेजारच्या रानात ऊसतोडीची टोळी उतरली होती, तिथली असावी. चाळिशीची, डोक्याला फडकं बांधलेली, हातांवर उसाच्या वाळल्या पाल्याचे, पाचटाचे ओरखडे. मी रडत होते हे तिला दिसलं. तिनं विचारलं, "काय झालं गं माय?" मी म्हटलं, "आमची गाय उठत नाही." तिनं घागर तिथंच ठेवली आणि माझ्याबरोबर चालू लागली. मी तिला बोलावलंही नव्हतं.

गोठ्यात आई मैनेचं तोंड वर करून बाटली लावायच्या बेतात होत्या. ती बाई दारातूनच ओरडली, "थांबा, वतू नका! बसल्या गुराच्या नरड्यात वतलं की फुप्फुसात जातंय!"

आई रागानं वळल्या. "तू कोण गं?"

"मी कुणी न्हाय. माझी गाय म्या अशीच घालवली, माय. ह्याच हातानं. गुळाचंच पाणी व्हतं."

आईंच्या हातातली बाटली खाली आली. मग त्या बाईनं मला पाचट भरलेली पोती आणायला सांगितली. आम्ही तिघींनी मैनेला आडवी होऊ न देता छातीवर नीट बसवलं आणि दोन्ही बाजूंनी पोती लावली. आडवी झाली की पोट फुगतं, म्हणाली. तिनं मैनेच्या कानाला हात लावला, डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, "डाक्टरला कान गार हायेत हे सांगितलं का? मान वळवलीया हे?"

आबांनी फक्त 'पडलीया' म्हटलं होतं. बाईनं माझ्याकडे बघितलं. "तू बघत बसलीस ना सकाळधरनं? तुझ्या तोंडावर दिसतंया. मग सांग की!"

मी ओसरीवर गेले आणि आबांपुढे हात केला. त्यांनी डॉक्टरांचा नंबर लावून फोन दिला. डॉक्टरांचा आवाज आला. मग मी बोलू लागले. काल पहाटे व्याली, तिसरं वेत, सकाळपासून खाल्लं नाही, शेण नाही, पाय लटपटले, मान पोटाकडे, कान थंड, नाकपुडी कोरडी. डॉक्टरांनी विचारलं, "चीक किती काढला?" मी म्हटलं, "सगळा. शेवटपर्यंत." पलीकडे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. "आधी तुमच्याकडं येतो. तोंडात काही देऊ नका."

पाऊण तासात ते आले. मानेच्या शिरेतून कॅल्शियम सोडलं. बाटली उंच धरून मी उभी होते आणि ते थेंब आत जाताना बघत होते. अर्धी बाटली गेली असेल, मैनेच्या अंगावर बारीक थरथर आली. मग तिनं ढेकर दिली, शेण टाकलं, आणि थोड्या वेळानं मागचे पाय सावरून उभी राहिली. आईंनी तिच्या गळ्याला मिठी मारली. डॉक्टर निघताना म्हणाले, "अजून तासभर उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. आणि मावशी, चीक पुरा काढायचा नसतो. दोन दिवस थोडाथोडाच काढा." मी त्या बाईला शोधायला बाहेर आले. ती घागर घेऊन निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या भाकरी आणि थोडा खरवस बांधून मी रानात गेले, तर टोळी पुढच्या गावाला गेलेली. तिचं नाव मी विचारलंच नव्हतं.

त्या बाईला कुणी पाठवलं, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. तिला पाणी हवं होतं आणि पाइप बांधावर आहे, इतकं साधंही असेल. मला एवढंच कळतं की मी 'सांगशील ते करते' म्हटलं आणि मला सांगितलं गेलं, तेही मला सगळ्यात अवघड असलेलं काम. शरण जाणं म्हणजे गप्प राहून देवावर सोडणं, असं मी समजत होते. ते सोडणं नव्हतं, लपणं होतं. खरं सोडायचं होतं ते हसतील म्हणून वाटणारं भय. त्या दुपारचे उपकार मी जन्मभर मानीन, पण फक्त मानून ते फिटणार नव्हते. काहीतरी बाकी राहिलं होतं.

कारण मैना उभी राहिली, पण आई बसल्या. डॉक्टरांचं वाक्य त्यांच्या मनात रुतलं होतं. त्या रात्री जेवल्या नाहीत. सकाळी गोठ्याकडे फिरकल्या नाहीत. चुलीपुढे बसून स्वतःचे तळहात बघत होत्या. आबा म्हणाले, "अगं, झालं ते झालं. ती हंबरतीया बघ तुझ्यासाठी." आई म्हणाल्या, "ह्या हातानं पाजून वाढवली, आन् ह्याच हातानं मारत व्हते. मला न्हाय जायचं तिच्यापाशी. दुसऱ्या कुणाला काढू द्या धार." आबांनी माझ्याकडे बघितलं. ते बहुधा मी मान खाली घालून निघून जाईन असं समजले असावेत. मैना गोठ्यातून पुन्हा हंबरली.

मी आईंसमोर जमिनीवर बसले. त्यांचे दोन्ही हात माझ्या हातांत घेतले.

"आई, तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. संकलन केंद्राच्या भिंतीवर मी वाचलं होतं, आणि परवा तुमच्या मागे उभी राहूनही मी बोलले नाही. चूक माझी आहे, ह्या हातांची नाही. उठा, धारेची वेळ झाली. थोडीच काढायची आहे. कुठं थांबायचं ते मी सांगते."